सिलासभाऊंचे अकरा महिने

मार्थाबाईंनी नेरच्या दोन पिढ्यांना सुया टोचल्या आणि चर्चमधल्या दोन पिढ्यांना नरकही दाखवला. सहा दिवस सरकारी दवाखान्यात नर्स, रविवारी चर्चमध्ये लेकरांच्या शाळेच्या बाई. शाळेत एक मोठं चित्र टांगलेलं असायचं. अरुंद वाट स्वर्गाकडे, रुंद वाट आगीकडे. आगीचा रंग विटला तेव्हा बाईंनी स्वतः लाल रंग आणून ज्वाळा पुन्हा रंगवल्या, आणि ब्रश हातात आहेच तर थोड्या उंचही केल्या. लेकरं चिडीचूप बसत. बाईंना तेवढंच हवं असे.

आणि अशा बाईला नवरा मिळाला कोण? सिलास! कापसाच्या जिनिंगमधला फिटर. हाताला ग्रीस, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि रविवारी हमखास रमीचा डाव. चर्चला बोलावलं की म्हणायचा, "मार्थे, देवापाशी माह्याहून मोठी गिऱ्हाइकं हायेत. आधी त्याईले पाहू दे." कापसाचा भाव पडला, जिनिंगला टाळं लागलं, जो तो तोंड पाडून बसला, तरी हा बाबा खेड्याखेड्यात पंप दुरुस्त करत हिंडायचा आणि रडणाऱ्याला हसवून यायचा. दोन हजार सहा सालच्या एका रविवारी डाव मांडला आणि हसता हसताच गेला. प्रार्थना नाही, पश्चात्ताप नाही, काही म्हणता काही नाही.

त्यांच्या मंडळीत वर्ष भरलं की कबरीवर दगड बसवायची आणि त्यावर 'प्रभूमध्ये विसावला' असं कोरायची रीत. पण सिलास विसावला असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? ज्या आगीच्या ज्वाळा बाईंनी आपल्या हातानं वाढवल्या, त्याच आगीत आपला माणूस उभा आहे, तोही कायमचा, हे काही केल्या त्यांच्या मनातून जाईना. खोटं कोरायचं नाही आणि खरं कोरवत नाही. दहा महिने झाले तरी दगडवाल्याला निरोप गेला नाही, कबर नुसत्या मातीचीच राहिली.

हे त्या बोलल्या एकाच माणसापाशी. हाईम झिराडकर हे मूळचे रेवदंड्याकडचे यहुदी. कापूस खरेदीत मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर म्हणून नेरला आले आणि निवृत्त झाल्यावर इथलेच होऊन गेले. तालुक्यात त्यांच्या धर्माचे ते एकटेच. सिलासशी त्यांची रमीत दर डावाला भांडणं व्हायची.

"कायमचा?" हाईमभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "आमच्यात नरक जास्तीत जास्त बारा महिने. मळ निघाला की माणूस सुटला. अगदीच नासकी माणसं असतील, ती सोडा."

"बारा महिने? बस?"

"आणि शनिवारी तिथली आग बंद! कोकणात आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची. शब्बाथाला घाणा बंद, तशीच तिथली भट्टीही बंद."

"म्हंजे जिनिंगपेक्षा बरं म्हना. सिलासले सीझनमधी कधी सुट्टी भेटली नाही!" मार्थाबाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

हाईमभाऊंना चेव आला. "माझे वडील वारले तेव्हा मी इथे. मेलेल्या बापासाठी म्हणायच्या आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, इथे कुठून आणू? म्हणून धाकटा भाऊ तिकडे रोज सिनेगॉगमध्ये जाऊन म्हणायचा. अकरा महिने म्हटली आणि थांबला. मी खरमरीत पत्र टाकलं. आळशा, बापासाठी एक महिना जड झाला? त्याचं उत्तर आलं, 'दादा, रीतच तशी आहे. बारा महिने म्हटली तर लोक म्हणतील, बाप पुरती शिक्षा भोगण्याइतका वाईट होता.'"

मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या. मग नर्सबाईंच्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. आमचं येगळं हाये."

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दोन दिवसांनी त्यांनी पास्टर शांतवनांना गाठलं. पास्टर तरुण, लहानपणी बाईंचं चित्र पाहून चड्डी ओली केलेले.

"पास्टर, येशू यहुदीच होता ना? अन् मरिया?"

"हो मावशी, दोघंही."

"मंग घरी त्याले हेच शिकवलं असन का नाही, बारा महिन्याचं?"

पास्टर गडबडले. "मावशी, 'सार्वकालिक अग्नी' हे शब्द येशूचेच आहेत. आपल्यात मेल्यावर संधी नाही."

"वचन मले पाठ हाये. तुमाले मीच शिकवलं. मी सिलासचं विचारून राह्यली. तो तिथं हाये, हे तुम्ही छातीठोक सांगता का?"

पास्टरांनी बायबल मिटून बाजूला ठेवलं. "नाही मावशी. शेवटल्या घडीला त्याईच्या मनात काय होतं, ते देवालेच ठाऊक. तो निवाडा माझा नाही."

"बाप्पा!" मार्थाबाई म्हणाल्या. "मंग इतके दिवस निवाडा करणारी मी कोण लागून गेली?"

त्याच दुपारी त्यांनी दगडवाल्याला निरोप धाडला. ज्या दिवशी अकरा महिने पुरे झाले, त्या दिवशी दगड कबरस्थानात येऊन पडला. हाईमभाऊ डबा भरून मलिदा घेऊन आले. त्यांच्याकडचे ते गोड पोहे, खोबरं, वेलची आणि केळी घातलेले.

पास्टर हळूच म्हणाले, "मावशी, वर्ष भराले एकच महिना बाकी हाये. सगळे वर्षालेच बसवतात. थांबत काहून नाही?"

"थांबू कायले?" मार्थाबाई कडाडल्या. "पुरे बारा महिने मोजाले माहा सिलास एवढा वाईट होता का?"

पास्टरांनी हाईमभाऊंकडे पाहिलं. हाईमभाऊंनी डब्याकडे पाहिलं. मग पास्टरांना असं हसू फुटलं की आवरेना. बाह्या सरसावून त्यांनी दगडाची एक बाजू धरली, दुसरी दगडवाल्यानं.

दगड बसला. मार्थाबाईंनी गुडघे टेकले आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. साऱ्या कबरस्थानाला ऐकू जाईल असं त्यांनी वाचलं, "सिलास. प्रभूमध्ये विसावला."