लांब पात, आखूड पात

विषय बदलायचा अर्ज कसा लिहायचा, तेसुद्धा समितीच्या अध्यक्ष सरांनीच मला सांगितलं. नांदेडला विद्यापीठाच्या समितीपुढे दर सहा महिन्यांनी पीएचडीची प्रगती दाखवावी लागते, आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. "हे पुण्या-बंगळुरूचं काम आहे, मॅडम. तुम्ही आपलं एखादं सोपं समीकरण घ्या, पदवी पदरात पाडून घ्या." पुढच्या बैठकीपर्यंत जमलं नाही तर विषय बंद, असं ठरलं.

मला भयंकर राग आला. लातूरच्या एसटीत बसून मी मनातल्या मनात त्यांना जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. अर्ज मात्र लिहायचा नाही, हे अहमदपूर यायच्या आत पक्कं झालं होतं.

माझा विषय सांगायला तसा अवघड नाही. पृथ्वीभरचं तापमान घ्या, वारा घ्या. गोलावर पसरलेली कुठलीही गोष्ट लहानमोठ्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येते. त्या लाटा सुट्या करण्याला गोलीय हार्मोनिक रूपांतर म्हणतात. हवामानाच्या अंदाजासाठी हे गणित पुन्हा पुन्हा करावं लागतं, म्हणून ते झटपट व्हायला हवं. मी औशाच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, मोठं यंत्र कुठून आणणार? लातुरात एका घरचा मुलगा नीटच्या तयारीला लागला आणि बापानं त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर विकायला काढला. तो मी उचलला. त्यातल्या ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे गणक एकाच वेळी काम करतात. म्हटलं, एवढे हात लागल्यावर काम हां हां म्हणता उरकेल.

ते काही उरकेना. हे गणित साखळ्यांचं असतं. साखळीतला पुढचा आकडा मागच्या दोन आकड्यांवरून निघतो, त्यामुळे एक साखळी दोघांत वाटता येत नाही. पहिली साखळी सगळ्यात लांब, दुसरी एका कडीनं कमी, असं करत शेवटची म्हणजे नुसती एक कडी. मी प्रत्येक गणकाला एकेक साखळी दिली होती. आखूडवाले लगेच मोकळे होऊन लांबवाल्यांची वाट बघत बसायचे. तीन महिने मी कोडच्या ओळी खालीवर करत राहिले आणि वाटणी मात्र तशीच ठेवली.

श्रावणातल्या एका रविवारी घरी गेले. मुरुडच्या पुढे आमचं गाव. आई बायकांच्या टोळीबरोबर सोयाबीन खुरपायला गेली होती, तिचा डबा घेऊन मी शेतावर पोचले. रस्त्यात जमीन गेल्यामुळे ते शेत तिकोनी उरलंय. खुरपताना प्रत्येकीच्या वाट्याला येते ती पात. या शेतात एका कडेची पात लांबच लांब आणि दुसऱ्या कडेची चार पावलांची.

"आई, ती आखूड पात कुणाला? मजा हाय तिची," मी म्हणाले.

"कुणा एकीला न्हाई. समद्यात लांब पात जिला, तिलाच ती आखूड बी. दुसरी लांब जिला, तिला शेवटून दुसरी. मग समद्याजणी संगंच उठतो."

मी डबा बांधावर टेकवला आणि तिथंच मोबाइलवर हिशेब मांडला. साखळ्या अशा जोडल्या तर प्रत्येक जोडीची लांबी सारखीच भरते, आणि निम्मे गणक दुसऱ्या कामाला मोकळे राहतात. गणितात एमएस्सी केलेल्या बाईला हे सुचू नये, याची लाज वाटली. पण लाज थोडी आणि आनंद लई.

दोन दिवसांत वाटणी बदलली. जे काम सुरू करून मी चहा करून यायची, ते आता चहाला उकळी फुटायच्या आत संपायला लागलं. पुढं वाचताना कळलं, की अशी जोडणी बाहेरच्या लोकांनीही केलेली आहे. त्यांचा संदर्भ मी प्रबंधाच्या मसुद्यात प्रामाणिकपणे दिला. पण मला ती कुठं सापडली, तेही एका परिच्छेदात लिहिलं.

बैठकीत सरांनी आकडे दोनदा तपासले. मग त्या परिच्छेदावर पेन ठेवलं. "काम चांगलं आहे. विषय चालू ठेवायला हरकत नाही. फक्त एवढं काढा, मी सही करतो. खुरपणीबिरपणी वाचून बाहेरचे परीक्षक हसतील."

"हसू द्या, सर."

"मग निदान 'पारंपरिक शेतीतून' असं तरी लिहा."

"शेती खुरपत नाही, सर. बाया खुरपतात. गणितात चूक असेल तर दाखवा, आत्ता काढते."

सही झाली नसती तर तीन वर्षं पाण्यात गेली असती, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या सहीसाठी आईला खोडायची माझी तयारी नव्हती. सरांनी पान पुढं-मागं केलं, चूक सापडेना. शेवटी त्यांनी सही केली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "माझं एकलीचंच नाव लिवलंस का?"

"हाव."

"मग ते खोटं हाय. पात जोडायचं आमच्या टोळीत समद्याजणी ठरवतो."

त्या परिच्छेदात आता टोळीतल्या सगळ्याजणींची नावं आहेत. परीक्षकांना ती ओळीनं वाचावी लागतील.