बोलावल्याशिवाय आत न येणाऱ्या बाई

प्रा. शकुंतला वाघमारे, म्हणजे आमच्या वाघमारेबाई, मला पहिल्यांदा भेटल्या त्या तासाला मी वर्गात होते, त्या व्हरांड्यात होत्या आणि सगळा वर्ग मला हसत होता. देवणीहून मी नुकतीच नांदेडला कॉलेजात आले होते. हिंदीची यादी भरली म्हणून क्लार्कनं माझं नाव फ्रेंचमध्ये घातलं होतं. पहिल्याच दिवशी उशिरा पोहोचले आणि दारात घुटमळले. बाई आतून म्हणाल्या, "आंत्रे." मला ओ की ठो कळेना. त्यांनी हातानं बोलावलं तेव्हा आत गेले. बाईंनी माझ्या हातात खडू ठेवला, स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तू सांग. तू बोलावल्याबिगर मी आत यायची न्हाई."

एवढ्या मोठ्या बाईंना मी सांगायचं, आत या म्हणून? घरी मी हुकूम सोडला होता तो फक्त शेळीला, आणि तीही ऐकत नव्हती. बाई व्हरांड्यात उभ्याच. ना चिडल्या, ना घड्याळ बघितलं. शेवटी माझ्या तोंडून बारीक आवाजात "आंत्रे" निघालं. बाई आत आल्या, माझ्याकडे बघून "मेर्सी", म्हणजे आभारी आहे, असं म्हणाल्या आणि शिकवायला लागल्या. त्या दिवशी दुसरं काय शिकवलं ते मला अजिबात आठवत नाही.

हा बाईंचा रिवाज होता. रोज एकाची पाळी असे. पाळीवाल्यानं फ्रेंचमध्ये बोलावेपर्यंत बाई दाराबाहेर थांबत आणि मग तासभर त्याचे हुकूम बाईंसकट सगळे पाळत. खिडकी उघडा, फळा पुसा, हळू बोला. हुकूम चुकला तरी बाई रागवत नसत, जे कानावर आलं तेच करत. एकानं 'वही दाखवा' म्हणायच्या ऐवजी 'वही खा' असं फर्मावलं, तर बाईंनी खरोखर वहीच्या कोपऱ्याला दात लावले. त्या पोरानं पुन्हा ती चूक केली नाही.

आज्ञार्थाचं व्याकरण बाई असं सांगत, की वाटावं हे तर आपल्याला आधीच येत होतं. वर्तमानकाळातली तीन रूपं घ्यायची, तू, आपण आणि तुम्ही, आणि कर्ता काढून टाकायचा. "ज्याला सांगायचं तो समोरच उभा हाय की. त्याला आणखी तू-तुम्ही कशाला?" झाला आज्ञार्थ. बोल, बोलू या, बोला : पार्ल, पार्लों, पार्ले. 'बोल'च्या गटातल्या क्रियापदांचं 'तू'चं रूप लिहिताना शेवटचा 'एस' गाळायचा. तो उच्चारात मुळात नव्हताच, त्यामुळे वहीत आम्ही तो हमखास तसाच ठेवायचो आणि बाई लाल पेनानं त्याच्यावर फुली मारायच्या. नको म्हणायचं तर क्रियापदाच्या अलीकडे 'न', पलीकडे 'पा'. 'आसेये-व्हू' म्हणजे बसा, त्यात 'व्हू' शेवटी येतो. बसू नका म्हणताना तोच 'व्हू' उठून क्रियापदाच्या अलीकडे जातो. असणं, जवळ असणं आणि माहीत असणं ही क्रियापदं मात्र कुणाचं ऐकत नाहीत. ती पाठच करायची. मी ती गोदावरीच्या पुलावरून जाताना रिक्षात घोकलेली आहेत, आणि रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून बघितलं आहे.

हा रिवाज बाईंनी का धरला, ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. त्यांच्या आई अहमदपूरच्या मोंढ्यात धान्य निवडायला जात. दिवसभर त्यांच्या कानावर उचल, ठेव, सरक बाजूला, एवढंच पडे. बसा असं त्यांना कुणी म्हणत नसे, आणि त्यांनी कुणाला काही सांगावं असा तर प्रश्नच नव्हता. बाई हैदराबादहून फ्रेंच शिकून घरी आल्या आणि आईंना पहिला शब्द शिकवला, आसेये-व्हू. पुढं आई पाहुण्यांना तसंच म्हणू लागल्या आणि म्हटलं की स्वतःच खूश व्हायच्या.

माझ्या दुसऱ्या वर्षी विषयावरच गदा आली. आम्ही फ्रेंचला मूठभर पोरं. प्राचार्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलं, की तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील, त्यांचा शेरा चांगला आला तर विषय राहील, नाहीतर या वर्षीच बंद. माझ्या जिवाला तर दुहेरी घोर लागला होता. आमचे अण्णा म्हणजे वडील, त्यांना हे फ्रेंच पहिल्यापासून पटत नव्हतं. "काय शिकायलीस गं? गावात कोण बोलतंय ते?" असं प्रत्येक सुट्टीत व्हायचं. विषय बंद पडला की बाडबिस्तरा गुंडाळून देवणीला यायचं आणि शिक्षण संपलं, असं त्यांनी बजावलं होतं.

परीक्षेच्या दिवशी पाळी नेमकी माझी. बाईंनी रिवाज त्या दिवसापुरताही बाजूला ठेवला नाही. मी खडू घेऊन आत उभी. दारात बाई, प्राचार्य आणि पांढऱ्या केसांचे परीक्षक आले. बाई नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी थांबल्या. परीक्षकांना बिचाऱ्यांना काय माहीत? ते सरळ आत शिरले. आणि न बोलावता शिरणाऱ्याला बाहेर घालवायच्या दीड वर्षाच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "सॉर्ते, मस्य." बाहेर व्हा, महाशय.

मेले, असं मला वाटलं. प्राचार्यांचा चेहरा लालबुंद झाला. ही कोणाची पोरगी, असं त्यांनी दातओठ खात विचारलं. बाई जागेवरून म्हणाल्या, "माझी. आणि नियम पण माझाच हाय, सर. बोलावल्याबिगर मीसुद्धा आत जात न्हाई."

परीक्षकांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ते मुकाट्यानं बाहेर गेले आणि बाईंच्या शेजारी उभे राहिले. आता माघार कशी घेणार? मी त्यांना आत बोलावलं, बाईंना बोलावलं आणि सगळ्यात शेवटी, बाईंनी भुवई उडवली म्हणून, प्राचार्यांनाही बोलावलं. परीक्षक खिडकीजवळच्या खुर्चीत टेकणार, तोच मी ओरडले, "न व्हू आसेये पा!" ते अर्धे वाकलेले तसेच थांबले. त्या खुर्चीचा एक पाय निखळलेला होता. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं, पाहुण्यांना नव्हतं. दुसरी खुर्ची घ्या, असं मी फ्रेंचमध्येच सांगितलं. त्यांनी आधी मोडका पाय हलवून पाहिला, मग दुसरी खुर्ची घेतली, आणि मग जे हसायला लागले ते थांबेनात.

पुढचा तास म्हणजे जत्रा होती. एकेका पोरानं उठून त्यांना हुकूम सोडले आणि त्यांनी ते पाळले. टोपी घालून दाखवली, फळ्यावर आंबा काढला, प्राचार्यांना नमस्कार केला. त्यांचा शेरा बाईंनी आम्हाला वाचून दाखवला. त्यात होतं, की एवढ्या शुद्ध भाषेत मला आजवर कुणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं, विषय चालू ठेवावा. आम्ही बाकं बडवली. पुढच्या वर्षी फ्रेंचची यादी भरली आणि तोच क्लार्क उरलेल्या पोरांची नावं हिंदीत घालू लागला. ही गोष्ट मी आजही छाती फुगवून सांगते.

विषय राहिला तरी अण्णांची कुरकुर थांबेना, म्हणून त्यांची समजूत घालायला बाई स्वतः एसटीनं देवणीला आल्या. मी त्यांना घराशी आणलं आणि त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. बाई बौद्ध. त्यांच्या समाजाचं कुणी आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. समोरच्या ओट्यावरची माणसं बघत होती. अण्णा गोंधळले. मी हळूच म्हणाले, की तुम्ही बोलावल्याशिवाय त्या यायच्या नाहीत. अण्णा पुढं होऊन उंबऱ्याशी आले. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "या बाई. आत या. बसा." बाई आत येऊन बसल्या, चहा घेतला, गोठ्यातल्या बैलांचं कौतुक केलं आणि निघताना अण्णांना एक शब्द शिकवून गेल्या. माझ्या शिक्षणाचं पुन्हा कधी विचारावं लागलं नाही. आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला अण्णा आजही "आसेये-व्हू" म्हणतात, आणि पाहुणा बावचळला की "फ्रेंच हाय ते, लई मानाचं," असं वर सांगतात.

मी आता लातूरला फ्रेंच शिकवते आणि रोज स्वतःच्या वर्गाबाहेर उभी राहते. परवा एका मुलीनं मला चांगलं ताटकळत ठेवलं. मला फार बरं वाटलं.

बाई, तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, आणि "आता काय, निघायचं वय झालं," असं तुम्ही अलीकडे फोनवर म्हणायला लागलात. तेव्हा आज तुमच्या या गौरवग्रंथात पाळी माझी आहे, असं समजा. औषधं वेळेवर घ्या. गुडघे सांभाळा. शंभरी गाठा. विद्यार्थ्याचा हुकूम तुम्ही आजवर एकदाही मोडलेला नाही, म्हणून हा शेवटचा तुमच्याच भाषेत सांगते. न सॉर्ते पा, मादाम. मी सांगितल्याशिवाय बाहेर जायचं नाही.