विश्वजितचं पंधरावं वर्ष

नानासो बंडगर सांगलीला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे शिपाई होते. मी साताऱ्याहून तिथे शिकवायला आले ती चौऱ्याण्णव साली. तेव्हापासून लॅबची किल्ली मी त्यांच्याच कमरेला पाहत आले. उंच, सडपातळ, बोलणं बेताचं. आटपाडीकडच्या मेंढपाळांच्या घरातले. दहावी झालेले होते. काम झाडलोट आणि पाण्याचं. पण मुलांच्या मागे उभं राहून राहून ते बरंच शिकले होते. कुठलं मशीन कशाने अडलंय हे पुष्कळदा त्यांना आमच्याआधी कळायचं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात एका दुपारी प्रॅक्टिकल संपवून मी वह्या आवरत होते. नानासो खुर्च्या आत सरकवत सरकवत माझ्या टेबलापाशी आले आणि थांबले.

"मॅडम, फोटोतला मानूस कॉम्प्युटरवर मोठा करता येतो का?"

"येतो की. हवा तेवढा मोठा करता येईल."

"तसा न्हाई. वयानं मोठा."

मी वर पाहिलं. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक पासपोर्ट फोटो काढून टेबलावर ठेवला. सहासात वर्षांचा मुलगा. तेल लावून चापून बसवलेले केस, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, फोटोवाल्याने हनुवटी वर धरायला सांगितल्यासारखी मान.

"विश्वजित," नानासो म्हणाले. "आता पंधराचा आसंल."

मी त्यांना चार वर्षं ओळखत होते. त्यांच्या घरी बायको हरणाबाई आणि सोनिया नावाची मुलगी आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

गोष्ट नव्वदच्या जूनमधली. तेव्हा त्यांचं कुटुंब गावाकडेच होतं. घरातली माणसं वर्षातले सहा-सात महिने मेंढरांमागे फिरायची, त्यात पोरांची शाळा बुडायची. पोराने नीट शिकावं म्हणून नानासोंनी साताऱ्याच्या एका वसतिगृहात त्याचं नाव घातलं. फोटो त्या फॉर्मसाठी काढलेला. आटपाडीहून विटा, विट्याहून कराड, आणि कराडला गाडी बदलून सातारा. कराडच्या स्टँडवर नानासोंनी पत्र्याची पेटी खाली ठेवली, पोराला तिच्यावर बसवलं, "हितनं उठू नगंस" म्हणून सांगितलं आणि साताऱ्याची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारायला खिडकीशी गेले. रांग होती. परत आले तेव्हा पेटी जागेवर होती, विश्वजित नव्हता.

पुढे पोलीस, पेपर, देव, देवऋषी, सगळं झालं. नानासो दोन महिने कराडातच राहिले. नंतर बायको आणि तान्ही सोनिया यांना घेऊन सांगलीला आले, नोकरी धरली, आणि घरात तो विषय बंद झाला. हरणाबाई त्याचं नाव घेईनात. नानासोही घेईनात.

"आता ह्यो फोटो दावून काय उपेग?" ते म्हणाले. "समोरनं गेला तरी लोकांला वळखायचा न्हाई. मलाबी न्हाई."

ते आधी एका स्टुडिओत जाऊन आले होते. तिथल्या ऑपरेटरने दोन दिवसांत एक चेहरा करून दिला. नानासोंनी तो मला दाखवला. भांग पाडलेला, गुळगुळीत गालांचा, कुणाचाही असू शकेल असा मुलगा. "त्येंनी प्वार केलं," ते म्हणाले, "पण आमचं न्हाई केलं. मला तुमी शिकवा. मी हळूहळू करीन."

आमच्या लॅबमध्ये चित्रांचं सॉफ्टवेअर नव्हतं. विकत घ्यायला कॉलेज तयार नव्हतं, आणि चोरीची कॉपी चालवायची नाही असं प्राचार्यांनी बजावलेलं. पण कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून ठेवली होती. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर गिंप नावाचा चित्रांचा प्रोग्रॅम होता. तो कुणीही फुकट वापरावा म्हणूनच लिहिलेला. फक्त तो तयार नव्हता. माणसांनी लिहिलेला त्याचा मूळ मजकूर तेवढा होता, शेकडो फायलींत. तो आपल्या मशीनवर आपणच बांधून घ्यायचा. मी नानासोंना सांगितलं, की आधी एक आज्ञा द्यायची, ती मशीनमध्ये काय आहे आणि काय नाही ते तपासते. मग 'मेक' म्हणायचं, की एकेक फाइल मशीनच्या भाषेत होत जाते. शेवटी सगळं जागच्या जागी बसवायचं.

"घर बांधल्यावानी," ते म्हणाले आणि खाली बसले.

तपासणी सुरू झाली. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'येस' किंवा 'नो'. नानासोंना इंग्रजी वाचता येई, अर्थ सगळा लागत नसे. त्यांनी शंभर पानी वही आणली होती. जिथे 'नो' येई ती ओळ ते चित्र काढल्यासारखी उतरवून घेत. थोड्या वेळाने तपासणी थांबलीच. पडद्यावर खिडक्या आणि बटणं काढणारी एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार भाग, आमच्या मशीनवर नव्हती. म्हणजे आधी ती बांधायची. तिच्यात तीन दिवस गेले.

मग गिंप. दुपारी कॉलेज सुटलं की नानासो मेक चालू करत आणि स्टुलावर बसून ओळी बघत राहत. मशीन इतकं हळू, की एकेका फाइलला कधी मिनिटभर लागायचं. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर असताना वीज गेली. मी स्टाफरूममधून आले तर ते बंद पडद्याकडे पाहत बसलेले.

"समदं गेलं का, मॅडम?"

"नाही. जेवढं झालंय तेवढं ते पुन्हा करत नाही. पुढचं तेवढं करतं."

वीज आली, मेक पुन्हा चालू केला, आणि जरा पुढे जाऊन ते चुकांची रांग दाखवून थांबलं. मी तासभर डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मशीन चालू होतं आणि ओळी पुढे सरकत होत्या. नानासोंनी फायलींची यादी काढून एकेकीचा आकार पाहिला होता. वीज गेली त्या क्षणाला जी फाइल तयार होत होती ती रिकामीच राहिली होती, आणि मशीन तिला झालेली समजत होतं. त्यांनी ती पुसली होती.

"कसं कळलं?"

"मेंढरं मोजताना आसंच बघाय लागतं," ते म्हणाले. "आकडा जमतो, पर एकादं मेल्यालं आसतं."

बांधून झालं, बसवून झालं, तरी प्रोग्रॅम उघडेना. नवी लायब्ररी कुठे ठेवलीय हे मशीनला माहीत नव्हतं. एका फाइलमध्ये एक ओळ वाढवावी लागली. मग एकदाचा गिंप उघडला. ऑफिसातल्या स्कॅनरवर विश्वजितचा फोटो घेऊन आम्ही फ्लॉपीवर आणला होता. नानासोंनी फ्लॉपी घातली, फाइलचं नाव निवडलं. फोटो उघडला नाही.

त्या एकाच वेळी मी त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. एरवी चुका आल्या तरी ते वही उघडत. आज वही मिटून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी मीच ती वही घेतली. पाचव्या पानावर त्यांच्या हाताने उतरवलेली ओळ होती. फोटो ज्या प्रकारचा होता त्या प्रकारच्या फायली उघडणारा भाग तपासणीत 'नो' आला होता, आणि तो नसला तरी काम अडत नाही म्हणून मी पुढे जायला सांगितलं होतं. चूक माझी होती. मी तसं त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "आसू द्या. परत करू." अजून चार दिवस गेले.

विश्वजित पडद्यावर आला तेव्हा नानासोंनी स्टूल पुढे ओढलं. पासपोर्ट फोटोत दिसला नव्हता तो कपाळावरचा बारीक व्रण पडद्यावर स्पष्ट दिसत होता.

पुढचे दीड-दोन महिने नानासो रोज दुपारी तासभर त्या मशीनपाशी असत. दहावीच्या हॉल तिकिटावरचा स्वतःचा सोळाव्या वर्षाचा फोटो त्यांनी आणला होता. एका थरावर पोराचा चेहरा, दुसऱ्यावर आपला. पोराचे डोळे ठेवायचे, जबडा आपला घ्यायचा, मान लांबवायची, गाल उतरवायचे. माउस आधी त्यांना आवरायचा नाही, नंतर हाताला बसला. ऑक्टोबरात एक दिवस मला म्हणाले, "झालं वाटतंय. उद्या तिला आनतो."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. हरणाबाई लॅबच्या दाराशी चपला काढून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन आत आल्या. काय दाखवणार आहेत हे नानासोंनी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ते चुकलंच, पण नवराबायकोत काय सांगता येतं आणि काय नाही ते मी कोण ठरवणार. मी दूरच्या टेबलाशी पेपर तपासत बसले. उठून जायला हवं होतं, ते सुचलं नाही.

त्या पडद्याजवळ वाकल्या.

"ह्ये तुमीच हाय," त्या म्हणाल्या.

"डोळं त्येचंच हायती. बघ की."

"डोळं हायती. बाकी तुमी." मग त्या म्हणाल्या, "त्येचं कान माज्या बापावानी. बाहीर आल्यालं. आन हनवटी आशी न्हवती. आमच्या धुळाची हाय का न्हाई, तशी."

धुळा म्हणजे त्यांचा भाऊ. पुढच्या शनिवारी त्या भावाच्या लग्नातला फोटो घेऊन आल्या. तिथून सुरू झालं. दर शनिवारी त्या येत, नानासोंच्या शेजारी स्टुलावर बसत आणि सांगत. भुवया जरा जवळ. वरचा ओठ पातळ. केस एवढे चापून नकोत, त्याला तेल आवडायचं नाही. आठ वर्षं ज्याचं नाव घेतलं नव्हतं त्याच्याबद्दल ती दोघं हलक्या आवाजात बोलायची. एकदा त्याने कोकराला स्वतःची भाकरी चारली होती ते आठवून नानासो हसलेसुद्धा.

दिवाळीनंतरच्या शनिवारी हरणाबाईंचं सांगणं मधेच थांबलं.

"मी त्येला सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आदल्या दिसी लय रडला. जात न्हाई म्हनला. मी म्हनलं, जा आत्ता, तुजा बाप चिडंल. न्हाई करमलं तर ये म्हागारी. गाडीच्या पाटीवर 'विटा' बघायचं, म्हनलं. मी त्येला साळंच्या पाटीवर त्यो शबूद लिवून दिला, धा येळा वाचून घेटला. पदरातलं दोन रुपयं चड्डीच्या खिशात घाटलं." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्यो उठला त्यो माज्यापायी उठला. तुमी उगंच सोताला खाताय. आठ वर्सं बगतीय मी, पर तोंड उगडलं न्हाई माजं."

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. मला वाटलं, आता हा माणूस काय बोलेल. नानासो माउसवरचा हात न काढता बसले होते.

"म्हंजी माज्यापास्नं पळाला न्हाई त्यो," ते म्हणाले. "घरला निघाला व्हता."

हरणाबाईंनी तोंडाला पदर लावला. नानासोंनी पहिल्यांदाच, माझ्यादेखत, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी उठून बाहेर गेले.

चित्र डिसेंबरात पुरं झालं. ते माझ्या डोळ्यांना कसं दिसत होतं हे सांगता येत नाही; पण तो मुलगा आता कुणीही नव्हता, कुणाचा तरी होता. कॉलेजच्या प्रिंटरवर आम्ही शंभर प्रती काढल्या. दर रविवारी नानासो एक गाव करत. कराड, विटा, पाटण, शिराळा, औंध. स्टँडवर, हॉटेलांत, ट्रकवाल्यांच्या अड्ड्यांवर कागद लावत. आठ-नऊ ठिकाणांहून निरोप आले. प्रत्येक ठिकाणी ते गेले. पाटणजवळच्या एका ढाब्यावर काम करणारा मुलगा तर इतका सारखा होता, की नानासोंनी त्याच्या कपाळावरचे केस बाजूला करून पाहिले. तो मुलगा मुकाट्याने उभा राहिला. व्रण नव्हता. नानासोंनी त्याला आपल्या घरचा पत्ता लिहून दिला आणि ते परत आले.

विश्वजित सापडला नाही. नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नानासो सोळाव्या वर्षाचं चित्र करायला बसले. मिसरूड फुटल्याचं दाखवायचं होतं. हरणाबाई आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. आपल्या हातानं किती थोराड करायचा त्येला." नानासोंनी हो म्हटलं आणि मशीन बंद केलं. त्यानंतर त्या लॅबमध्ये आल्या नाहीत.

त्याच पावसाळ्यात पाटणकडचा केरबा नावाचा एक माणूस कॉलेजात विचारत विचारत आला. ढाब्यावर लावलेला कागद त्याने पाहिला होता. त्याची नऊ वर्षांची मुलगी पाच वर्षांपूर्वी बाजारातून नाहीशी झाली होती. हातात शाळेचा गटाचा फोटो, त्यात नखाएवढा तिचा चेहरा.

नानासोंनी फोटो उजेडात धरून नीट पाहिला. कॉम्प्युटर चालू केला नाही. आधी त्याला पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं.

"व्हतंय," ते म्हणाले. "येळ लागंल, पर व्हतंय. तुमी येकटंच आलाय?"

"व्हय."

"तिच्या आईला घिऊन या," नानासो म्हणाले. "आन तिला हितं आनल्यावर काय दावनार हाय ते घरीच सांगा. वाटंत न्हाई, घरीच."