लेप बाईंनी दिलाय

माझी थोरली सून प्रयोगशाळेत कॅमेऱ्याच्या चिपला लेप देते. मी चौथीपर्यंत शिकलेली, तेव्हा डोक्यात शिरलं तेवढंच सांगते. साध्या कॅमेऱ्याला अतिनील उजेड दिसत नाही. म्हणून चिपवर क्वांटम डॉट नावाच्या बारीक कणांचा थेंब टाकायचा आणि चिप गरागरा फिरवायची. थेंब पसरून पातळ लेप बसतो. ते कण अतिनील उजेड गिळतात आणि कॅमेऱ्याला कळेल असा उजेड बाहेर टाकतात. माझी धाकटी जाऊ जन्मभर हेच करत आली, इकडचं गिळायचं आणि तिकडे ओकायचं. तिला कुणी प्रयोगशाळेत घेतलं नाही.

सून अकरा वर्षं हंगामी. दरवर्षी नवं पत्र, नवी धाकधूक. यंदा साहेब म्हणाले, "समितीसमोर कॅमेरा चालला, तर कायम करू."

पण साहेबांना कॅमेऱ्यापेक्षा समारंभाची हौस. त्यांनी कॅमेऱ्यावर ठेवायला जाड काचेची पेटी करून घेतली.

"साहेब, ही साधी काच अतिनील उजेड अडवते," सून म्हणाली.

"अहो बाई, काचेतून आरपार दिसतं! डॉक्टरेट केलीय मी."

झालं, डॉक्टरेटची पेटी कॅमेऱ्यावर बसली.

समिती आली. अतिनील दिवा लावला. नुसत्या डोळ्यांना तो विझल्यासारखाच, आणि कॅमेऱ्याचा पडदाही काळाठिक्कर. साहेब घाम पुसत मोठ्यांदा म्हणाले, "लेप बाईंनी दिलाय. सगळं काम त्यांचंच. आमचा कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही." अध्यक्षांनी लगेच टिपून घेतलं.

सुनेनं गप्प बसावं तर नोकरी जाते, बोलावं तर साहेबांचा रोष. शेवटी ती उठली आणि पेटीच उचलून बाजूला ठेवली. पडद्यावर दिवा लख्ख उजळला.

टाळ्या झाल्या तसे साहेब पुढे सरसावले. "वास्तविक हे सगळं माझ्या मार्गदर्शनाखाली..."

"असं कसं?" अध्यक्षांनी वही पुढे केली. "तुमचा हातसुद्धा लागलेला नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना मघाशी?"

पंधरा दिवसांनी कायम केल्याचं पत्र आलं. खाली सही साहेबांचीच.

"सही करताना तोंड कसं झालं होतं गं त्यांचं?" मी विचारलं.

"आई, मी नाही पाहिलं. चिप फिरत होती माझी."

एवढी शिकलेली पोर, पण बघायचं तेच बघितलं नाही!