दत्तूला केलेली तार

दत्तू गेल्याची बातमी घेऊन त्याचा मारुती स्वतः सांगलीला आला, तोवर साताऱ्यात दत्तूची राख सावडून झाली होती. मी पोरावर चिडलोच. “अरे, एक तार टाकायची! शेवटचं तोंड तरी दिसलं असतं.” मारुती उंबऱ्यापाशीच उभा होता. म्हणाला, “बा सांगून गेला, काका. कायबी झालं तरी सांगलीला तार करू नगंस, समक्ष जाऊन सांग.” मी त्याला हाताला धरून आत घेतलं. का, ते विचारायची गरज नव्हती…

दत्तू आणि मी विट्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे त्याने शिवणकाम धरलं आणि साताऱ्याबाहेरच्या लष्करी छावणीच्या फाटकासमोर मशीन टाकलं. शिपायांच्या ढगळ विजारी आवळायच्या, बाहीवर फिती टाचायच्या. घर दुकानामागेच. लढाई पेटली आणि एकुलता एक मारुती त्याच फाटकातून भरती होऊन समुद्रापार गेला. मी सांगलीत वकिली करत होतो, आणि कळवल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही ही माझी शिस्त. बायको तिला शहाणपणाचा ताठा म्हणते.

त्याच दिवसांत मेहुण्याची मोटार घेऊन आम्ही उभयता पुण्याला निघालो. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलेली. चढ आला की मी उतरून चालायचो, आणि मोटार नि मी बरोबरच वर पोचायचो. वाटेत दत्तूकडे मुक्काम ठरवला होता आणि शिस्तीप्रमाणे आधीच तार केली होती. कऱ्हाडला संगमावर दशम्या सोडल्या, तेव्हा मी ऐटीत बायकोला म्हणालो, आता दत्तूच्या घरी गोदावहिनी पुरण वाटत असतील.

उन्हं कलताना पोचलो. दत्तू मशीनवर बसला होता, पण चाक फिरत नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आम्हाला पाहून उठला, पण हसला नाही. मी मोटारीतून उतरता उतरताच ओरडलो, “काय लेका, तार मिळाली ना?”

गोदावहिनी दारात आल्या होत्या. त्यांच्या हातातला तांब्या तिथेच पडला.

“तार? कुनाची तार?” त्या दत्तूकडे वळल्या. “आवं, बोला की! माज्या मारुतीची तार आली?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. छावणीभोवतीच्या त्या वस्तीत तार एकाच कामासाठी येत होती. शेजारीपाजारी तशा येऊन गेल्या होत्या. पाहुणा येणार म्हणून कुणी तार करतं, हे तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दत्तूने मशीनच्या खणातून बंद लखोटा काढून माझ्या हातात दिला. इंग्रजी जाणणाऱ्याकडे तो घेऊन जायचा त्याला धीर झाला नव्हता, आणि वहिनींना तर त्याने कळूच दिलं नव्हतं. मी तो फोडला आणि मराठीत करून मोठ्याने वाचला : रविवारी येत आहोत. त्रास घेऊ नये.

मी हसायला गेलो. कुणी हसलं नाही. वहिनींनी पडलेला तांब्या उचलला. दत्तू म्हणाला, “गड्या, दोन दिस झालं, पोरगं मेलं म्हनूनच चाललो हुतो. हिनं केल्याली भाकरी हिच्याच म्होरं बसून खाल्ली रं…” आणि मग तो रडला. पोर जिवंत आहे हे कळल्यावर रडला.

वहिनींनी त्याही संध्याकाळी चूल पेटवली आणि आम्हाला आग्रह करकरून वाढलं. दत्तूने एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पुढे मारुती सुखरूप परतला. पण दत्तूच्या छातीतली धडधड त्या दिवसांपासूनची, असं वहिनी एकदा सहज बोलून गेल्या होत्या, आणि आता तो गेला तो छातीच्याच दुखण्याने. डॉक्टर काहीही म्हणोत, माझं मन मला सोडत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर, परवा मी साताऱ्याला जाऊन आलो. वहिनींशी बोलत बसलो होतो, तोच रस्त्याच्या वळणावरून पोस्टमनची आरोळी आली, “खुशालीची हाय! खुशालीची!” तार शेजारच्या घरची होती. तिथली बाई हसतच दारात आली.

“ह्येनीच लावली ती रीत,” वहिनी म्हणाल्या. “तुमी गेलासा, त्येच्या दुसऱ्या दिशी पोस्टात जाऊन बसलं. पोस्टमननं तार तितंच वाचून घ्यायची, आन् चांगली असली तर लांबनंच वरडायचं, म्हनं. लढाई सरून वर्सं झाली, तरी त्यो वरडतोय.”

एवढ्या वर्षांत दत्तूने मला हे कधी सांगितलं नव्हतं. माझ्या तारेचं निस्तरणं तो गुपचूप निस्तरून गेला होता…

पोस्टमन पाणी प्यायला दत्तूच्या दारी थांबला. वहिनींनी ओळख करून दिली, “ह्ये सांगलीचं भावजी.”

त्याने मला खालून वर न्याहाळलं. “म्हंजी, त्ये तारवालं?”

“होय,” मी म्हणालो. “तोच मी.”