सत्काराची शाल
या शालीला अजून डांबरगोळ्यांचा वास येतो आणि धुळ्यातली ती सकाळ आठवते. आदल्या संध्याकाळी, मी बॅडमिंटनचं पदक जिंकून आले म्हणून आमच्या प्रशिक्षक सरांनी मला व्हीलचेअरसकट स्टेजवर उचलून नेलं, खांद्यावर ही शाल घातली आणि सगळ्या गावाचं नाव काढलंस, हे अहिराणीत म्हणाले, "पोरी, तू ते बठ्ठा गावनं नाव काढं!" सकाळी सरावाला गेले, हॉलच्या दारात नेहमीसारखी चाकं पुसली. ती शिस्त सरांनीच लावलेली. रखवालदार खाली बघत म्हणाला, "ताई, चाकांनी नवी मॅट खराब होते. तुम्हाला आत सोडू नको, असं सरांनी सांगितलंय." सर आतच खेळत होते. मी हाक मारली. त्यांनी वळूनही न बघता सर्व्हिस केली. आता मी जळगावला खेळते. आत जाताना चाकं अजूनही पुसते, याच शालीने.