बेचक्यातला कागद

परवा मोशीच्या बसमध्ये कंडक्टरने दिलेलं तिकीट बोटांतून निसटलं आणि नाकात मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो आंबूस वास भरला. चाकणच्या कंपनीत सांडलेल्या कूलंटवरून घसरून मी उजव्या कोपरावर आपटलो होतो. आमचा सुपरवायझर माझ्याच गावचा, माझ्याच खोलीत राहणारा. दवाखान्याच्या वाटेवर तो म्हणाला, "भावा, बाईकवरून पडलो म्हण. नाहीतर माझ्यावर येईल." मी तसंच सांगितलं. बोटांना मुंग्या येतात का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कळांनी मला बोलवत नव्हतं. तोच घाईने "नाही" म्हणाला. प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी माझ्या बोटांच्या बेचक्यात कागद ठेवून ओढला. तो सहज निघून आला. करंगळी तर पहिल्या दिवसापासून बधिर होती. "नस दुखावलीय. तेव्हा विचारलं तर नाही म्हणालात," डॉक्टर म्हणाले. मी सोबत आलेल्या सुपरवायझरकडे पाहिलं. मोबाईलवरून नजर न काढता तो म्हणाला, "हो, हाच नाही म्हणाला होता." त्या संध्याकाळी माझं कोपर वाकेना, म्हणून त्याने वरणभात कालवून मला भरवला आणि मी तो मुकाट्याने खाल्ला. आज त्याच्या खोट्यापेक्षा त्या घासांचाच राग जास्त येतो.